कामाच्या ठिकाणी किती सांगायचं?

मूल होण्यासाठीचे उपचार, गर्भपात, प्रसूती रजा आणि त्यानंतर कामावर परतणं या विषयांवर मागच्या अंकात पत्रं मागवली होती. त्यातली सहा इथे घेतली आहेत. उत्तरं वंध्यत्वावर उपचार करणाऱ्या डॉक्टर आणि कामगार कायद्याचं काम पाहणाऱ्या वकील यांनी मिळून दिली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

मी हिंजवडीला आयटी कंपनीत आहे, वय ३४. पुढच्या पाळीपासून आयव्हीएफ सुरू होतंय. टीममध्ये सहाजण आहोत आणि रात्री साडेनऊला अमेरिकेच्या क्लायंटचा कॉल असतो. मॅनेजर माणूस चांगला आहे, पण आमच्याकडे एकाला सांगितलं की संध्याकाळपर्यंत मजलाभर होतं. सांगावं का? आणि किती?

तुमच्या वेळेत काय बदल होणार आहे एवढं मॅनेजरला कळायलाच हवं. तो बदल कशासाठी, हे सांगणं न सांगणं सर्वस्वी तुमच्या हाती. पण वेळेबद्दल तरी मोघम बोलू नका, कारण आयव्हीएफच्या तारखा कॅलेंडरवर आधी मांडता येत नाहीत आणि ऑफिसात खटके उडतात ते बहुधा याच कारणाने.

पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी करून इंजेक्शनं सुरू होतात आणि साधारण १० ते १२ दिवस चालतात. रोज ठरावीक वेळी पोटात घ्यायची ही इंजेक्शनं बहुतेक जणी घरीच घेतात. या काळात तीन ते पाच वेळा सकाळी सोनोग्राफीला जावं लागतं. पुढची तपासणी कधी, हे आधीच्या तपासणीत अंडी किती वाढली ते पाहून ठरतं. शेवटी येतं ट्रिगर, म्हणजे अंडी पूर्ण पिकवणारं इंजेक्शन, आणि त्यानंतर ३४ ते ३६ तासांत अंडी काढतात. सोमवारी रात्री दहाला ट्रिगर घेतलं तर बुधवारी सकाळी दहाच्या आत तुम्ही ऑपरेशन थिएटरमध्ये हव्यात. म्हणजे मुख्य रजेची तारीख तुम्हालाही जेमतेम दोन दिवस आधीच कळते.

तुमचा साडेनऊचा कॉल नेमका इथे आडवा येतो. कॉल लांबला म्हणून ट्रिगर तासभर उशिरा घेतलं आणि दवाखान्याला कळवलं नाही, तर अंडी पुरेशी पिकण्याआधीच काढली जाण्याची भीती असते. त्या रात्रीचा कॉल दुसऱ्याकडे द्याच. तरीही उशीर झालाच तर लगेच दवाखान्यात फोन करा, काढण्याची वेळ पुढे सरकवता येते.

अंडी काढायला १५ ते ३० मिनिटं लागतात, पण भूल दिलेली असते. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, लॅपटॉपही उघडायचा नाही. दुसऱ्या दिवशीची रजाही धरून ठेवा. पुढच्या आठवडाभरात पोट टम्म फुगणं, रोज किलोच्या आसपास वजन वाढणं, लघवी कमी होणं, धाप लागणं यातलं काहीही जाणवलं तर अंडाशय जास्त उद्दीपित झाल्याची ती खूण असू शकते. ऑफिस सुटेपर्यंत थांबायचं नाही, त्याच तासाला डॉक्टरांना गाठायचं.

लॅबमध्ये तयार झालेला गर्भ गर्भाशयात सोडतात तो दिवस मात्र सोपा असतो, भूल सहसा लागत नाही. त्यानंतर अंथरुणावर पडून राहिल्याने यश वाढत नाही. बैठं काम असेल तर दुसऱ्या दिवशी कामावर जायला हरकत नाही. त्यामुळे घरातून ‘पंधरा दिवस हलायचं नाही’ असा आग्रह झाला तरी रजा त्यात उडवू नका, पुढे लागतील. दिवस राहिले का हे पाहणारी रक्ताची तपासणी साधारण १० ते १४ दिवसांनी होते. रिपोर्ट दुपारी मोबाइलवर येतो आणि तेव्हा तुम्ही मीटिंगमध्ये असता. तो नवऱ्याच्या मोबाइलवर मागवा किंवा रक्त शुक्रवारी द्या.

आता पत्र. एवढं पुरतं: ‘पुढील तीन आठवडे माझे वैद्यकीय उपचार आहेत. चार-पाच दिवस मी सकाळी अकरापर्यंत येऊ शकणार नाही. लागोपाठ दोन दिवस पूर्ण रजा लागेल, तिची तारीख मला दोन दिवस आधी कळेल. या काळातले रात्रीचे कॉल कोण घेणार हे ठरलं आहे. महिनाभर बाहेरगावचा दौरा नको.’ कसले उपचार असं विचारलं तर ‘जिवाला धोका नाही, पण ते मला खासगीच ठेवायचंय’ हे उत्तर देऊन थांबा. पुढे स्पष्टीकरण देत बसलात की उलटतपासणी सुरू होते.

गोष्ट फुटते ती बहुतेक वेळा तोंडातून नव्हे, कागदातून. वैद्यकीय दाखल्याच्या माथ्यावर ‘फर्टिलिटी सेंटर’ छापलेलं असतं. म्हणून डॉक्टरांना साध्या लेटरहेडवर ‘वैद्यकीय प्रक्रियेनंतर विश्रांती आवश्यक’ एवढंच लिहून मागा. ते मिळतं, फक्त मागावं लागतं. टीमच्या सामायिक कॅलेंडरवर नोंद ‘खासगी’ करा. कंपनीच्या गटविम्यातून काही रक्कम मिळणार असेल तर दाव्याच्या ईमेलची प्रत एचआरला जाते का, हे आधी विचारून घ्या. काही इंजेक्शनं २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात, ती पॅन्ट्रीच्या फ्रिजमध्ये ठेवण्यापेक्षा बर्फाच्या पाकिटासह लहान थर्मल पाऊच पर्समध्ये बरा.

खासगी कंपनीने आयव्हीएफसाठी वेगळी रजा द्यावी अशी सक्ती आपल्याकडे कायद्यात नाही. आजारपणाची आणि साठलेली रजाच वापरावी लागते. काही कंपन्यांच्या धोरणात ती असते, एचआरच्या पुस्तिकेत पाहून घ्या. सक्ती नाही ही उणीव आहे आणि ती भरून निघायला हवी, असं आमचं ठाम मत आहे.

मी कोल्हापुरात फाउंड्रीत भट्टीवर काम करतो. लग्नाला चार वर्षं झाली. बायको सहकारी बँकेत आहे, तिला तिथे रोज कुणी ना कुणी ‘पेढे कधी?’ विचारतं. तिच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल आहेत. माझी अजून केलेली नाही. सुपरवायझरला काय सांगून रजा घेऊ?

तुमची तपासणी चार वर्षांपूर्वी नाही, तरी तिच्या पहिल्या तपासणीबरोबर व्हायला हवी होती. मूल न होण्यामागे पुरुषाकडचं कारण निघणं अगदी नेहमीचं आहे, आणि ही तपासणी सगळ्यांत स्वस्त, बिनदुखण्याची आहे. बायकोला नळ्यांचा एक्स-रे काढताना जो त्रास झाला असेल त्याच्या तुलनेत हे काहीच नाही.

दोन ते सात दिवसांचा संयम ठेवून वीर्याचा नमुना लॅबमध्येच द्यायचा. घरून नेणार असाल तर अंगाच्या उबेत, तासाभराच्या आत पोचवायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांत खालची मर्यादा मिलीलीटरला १ कोटी ६० लाख शुक्रजंतू अशी आहे. एका रिपोर्टवर खचू नका. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे दोन महिन्यांपूर्वी आलेला जोराचा तापही आजच्या आकड्यात दिसतो. आकडा कमी आला तर दुसरी तपासणी करूनच निष्कर्ष काढतात.

तुमच्या कामाचा इथे थेट संबंध आहे. वृषणांचं तापमान शरीरापेक्षा दोन-चार अंशांनी कमी राहावं लागतं, आणि भट्टीपुढे आठ-आठ तास उभं राहिलं की ते राहत नाही. म्हणून सुपरवायझरकडे रजेपेक्षा बदली मागा: ‘डॉक्टरांनी तीन महिने उष्णतेपासून लांब राहायला सांगितलंय, तेवढे दिवस मला फेटलिंगला (ओतीव मालाच्या साफसफाईला) किंवा डिस्पॅचला टाका.’ डॉक्टरांची तशी चिठ्ठी जोडा. तीन महिने का, ते वरच्या हिशोबावरून लक्षात येईल. तंबाखू, मावा याच काळात सोडा. तालमीत किंवा जिममध्ये कुणी ‘ताकदीचं’ म्हणून टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन देत असेल तर ते आजच बंद करून डॉक्टरांना सांगा, त्याने शुक्रजंतू शून्यावर गेलेले आम्ही वारंवार पाहतो.

राहिले बँकेतले पेढे. तिथे बायकोने एकटीने उत्तरं देत राहू नये. ‘आम्ही दोघंही डॉक्टरांकडे जातोय, काही सांगण्यासारखं झालं की आम्हीच सांगू’ हे वाक्य दोघांनी ठरवून घ्या आणि तुमच्या नातेवाइकांपुढे ते तुम्ही बोला. ‘दोघंही’ हा शब्द गाळू नका.

नाशिकला अंबडच्या कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. नवव्या आठवड्यात गर्भपात झाला. कुणाला सांगितलंच नव्हतं, म्हणून तीन दिवस ‘व्हायरल ताप’ म्हणून रजा टाकली आणि चौथ्या दिवशी कामावर आले. उभं राहवत नाही. आता काही करता येईल?

येईल, आणि उद्याच करा. गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा हा तुमचा कायद्याने मिळालेला हक्क आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात तो पहिल्यापासून होता आणि त्या कायद्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. किती आठवड्यांचा गर्भ होता याने फरक पडत नाही, २६ व्या आठवड्यापर्यंत गर्भ पडला तर तो या व्याख्येत बसतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने कायदेशीर गर्भपात केला असेल तरी हीच रजा. त्यातून दुखणं उद्भवलं तर पुढे आणखी महिन्यापर्यंत रजा मिळू शकते. तुमचा पगार ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा योजनेच्या) मर्यादेत, म्हणजे महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर पैसे ईएसआयकडून येतात, त्याहून जास्त असेल तर मालकाकडून.

बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट म्हणजे या सहा आठवड्यांत तुम्हाला जाणूनबुजून कामावर ठेवायला मालकालाच मनाई आहे. त्यामुळे अर्ज करताना उपकार मागितल्यासारखं लिहू नका.

‘व्हायरल ताप’ लिहिलं म्हणून हक्क बुडत नाही. सोनोग्राफी रिपोर्ट किंवा डिस्चार्ज कार्ड आणि डॉक्टरांचा दाखला घ्या. दाखल्यावर तारीख ठळक हवी, कारण सहा आठवडे त्या दिवसाच्या दुसऱ्या दिवसापासून मोजतात, अर्जाच्या तारखेपासून नाही. अर्ज सुपरवायझरकडे न देता थेट एचआरला लिफाफ्यात द्या, पोच घ्या आणि एक ओळ घाला: ‘रजेचं कारण गोपनीय ठेवावं, विभागात फक्त वैद्यकीय रजा असं कळवावं.’ आधी टाकलेले तीन दिवस याच रजेत वळते करून मागा.

तब्येतीचंही पाहा. दोन तास सलग दर तासाला दोन पॅड भिजणं, ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, चक्कर यातलं काही असेल तर अर्ज नंतर, आधी दवाखाना. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन घेतलं का ते लगेच विचारा. ते ७२ तासांच्या आत देणं उत्तम, ती वेळ टळली असली तरी विचाराच.

आणि हे नीट वाचा. सुरुवातीच्या आठवड्यांतले निम्म्याहून अधिक गर्भपात गर्भातल्या गुणसूत्रांच्या दोषामुळे होतात. दुचाकीवरून गेलात, शिफ्ट केली, पपई खाल्ली, जिना चढलात, यामुळे तुमचा गर्भ पडलेला नाही. विभागात कुणाला सांगावंसं वाटलं तर जिच्याशी रोज डबा खाता अशा एकीला सांगा. सगळ्यांना सांगण्याचं बंधन नाही, पण एकीलाही न सांगता सहा आठवडे काढणं फार जड जातं.

मुलाखत झाली तेव्हा मला दिवस राहिल्याचं माहीत होतं, पण बोलले नाही. १ जुलैला रुजू झाले, प्रसूतीची तारीख १० डिसेंबर आहे. आता सांगितलं तर ‘फसवलंत’ म्हणतील का? प्रोबेशन चालू आहे. – ठाणे

म्हणतील कदाचित. पण मुलाखतीत गरोदरपण आपणहून सांगण्याचं बंधन तुमच्यावर नाही. याच मुद्द्यावर नीरा माथुर विरुद्ध आयुर्विमा महामंडळ हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. नोकरीच्या फॉर्ममध्ये पाळीच्या तारखा, आधीची बाळंतपणं विचारली होती, उमेदवाराने त्यात खरी माहिती दिली नव्हती आणि प्रोबेशनमध्येच तिला काढलं होतं. न्यायालयाने १९९१ मध्ये तिला परत घ्यायला लावलं आणि असले रकाने फॉर्ममधून काढायला सांगितले.

तुम्ही खरा विचार करायचा तो ८० दिवसांचा. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्याच मालकाकडे ८० दिवस काम झालेलं असलं तर पगारी रजा मिळते. शनिवार-रविवार अजिबात न धरता मोजलं तरी १ जुलैपासून १६ आठवडे, म्हणजे २१ ऑक्टोबरच्या सुमाराला ते भरतात. मधल्या सुट्ट्या आणि एखादी बिनपगारी रजा धरून ऑक्टोबरअखेरपर्यंत कामावर राहा आणि हजेरीपटाची प्रत स्वतःजवळ ठेवा. इथेच चूक होते: कायद्याने आठ आठवडे आधी, म्हणजे तुमच्या बाबतीत १५ ऑक्टोबरपासून रजा घेता येते हे वाचून बायका लगेच रजेवर जातात आणि दिवस अपुरे पडतात.

पहिल्या दोन मुलांसाठी एकूण २६ आठवडे मिळतात. आधी जितके वापराल तितके नंतरचे कमी होतात. १५ ऑक्टोबरला निघालात तर रजा १४ एप्रिलला संपते, २६ नोव्हेंबरला निघालात तर २६ मेपर्यंत पुरते. तब्येत साथ देत असेल तर उशिरा निघणंच फायद्याचं.

पाचव्या महिन्याची सोनोग्राफी झाली की, म्हणजे जुलैअखेर, लेखी कळवा: अपेक्षित तारीख, रजा कधीपासून, काम कुणाकडे सोपवणार. माफी मागू नका. त्या पत्रानंतर कामगिरीबद्दल अचानक तक्रारी सुरू झाल्या तर प्रत्येक गोष्ट ईमेलवर आणा. गरोदरपणात काढून टाकलं तरी, एरवी मिळाला असता तो मातृत्व लाभ त्यामुळे बुडत नाही. आणि तुमची नेमणूक मुदतीच्या करारावर असेल तर हेही लक्षात ठेवा की रजा चालू असताना करार संपला म्हणून लाभ थांबवता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला आहे.

नागपूरला खासगी बँकेत कॅश काउंटरवर आहे. बाळ सात महिन्यांचं आहे. दूध काढायला जागा मागायची म्हणजे ब्रँच मॅनेजरपुढे कसं बोलायचं?

वेळ आणि जागा एवढंच बोला: ‘सकाळी अकरा आणि दुपारी तीन, प्रत्येकी वीस मिनिटं. आतून कडी लागणारी खोली हवी, कॅमेरा नसलेली.’ बहुतेक शाखांत रेकॉर्ड रूम चालते. स्वच्छतागृह सुचवलं तर नाही म्हणा, तिथे बाळाचं अन्न काढायचं नसतं. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीखेरीज दोन विश्रांती कायद्याने दिल्या आहेत. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोयही मालकाने करायची असते. तुम्ही कॅशवर असल्याने ड्रॉवर बंद करून उठावं लागणार, तेव्हा त्या दोन वेळांना रिलीव्हर कोण हे मॅनेजरकडून आधीच ठरवून घ्या. नाहीतर अकराच्या गर्दीत रोज टळेल आणि छाती दगडासारखी होईल. लाल, गरम गाठ आणि ताप आला तर ती स्तनदाह झाल्याची खूण, डॉक्टरांना दाखवा. पण दूध काढणं थांबवू नका.

काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं हे २५ अंशांपर्यंतचं गणित आहे, नागपूरच्या मे महिन्याचं नाही. काढल्यावर लगेच बर्फाच्या पाकिटांच्या थर्मल पिशवीत ठेवा, घरी जाताच फ्रिजमध्ये आत, दारात नको. तिथे चार दिवस टिकतं. मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, कोमट पाण्यात वाटी धरा. बाळाने उष्टं ठेवलेलं दोन तासांनंतर टाकून द्या. पंपाने दुखत असेल तर बहुतेकदा फनेलचं, म्हणजे छातीला लावायच्या नरसाळ्याचं, माप चुकलेलं असतं, ओढ वाढवण्याआधी ते बदला.

माझ्या टीममधल्या मुलीने सांगितलं की तिचे मूल होण्यासाठी उपचार चालू आहेत. मी ५२ वर्षांचा, मला काय बोलावं कळलं नाही. ‘सगळं ठीक होईल’ म्हणालो. – पुणे

वाईट बोलला नाहीत, पण त्या वाक्याने तिला मदत झाली नाही. ‘सांगितलंत बरं झालं. हे माझ्याजवळच राहील. कामाच्या वेळेत काय बदल हवा ते सांगा’ असं म्हणा. दत्तक का घेत नाही, टेन्शन घेऊ नका, अमक्या महाराजांकडे जाऊन या, आमच्या पुतणीला दहा वर्षांनी झालं, यातलं काहीही नको. ‘काय झालं?’ म्हणून रिपोर्टची चौकशीही नको. तिला सांगायचं असेल तर ती सांगेल.

सगळ्यांत जास्त नुकसान होतं ते काळजीपोटी. तिला न विचारता मोठ्या प्रोजेक्टमधून काढू नका. ‘हे काम सध्या घ्यायचंय का, की पुढचं?’ असं विचारा आणि तिचं उत्तर मान्य करा. वरिष्ठांना सांगावं लागलं तर ‘वैद्यकीय रजा’ एवढंच सांगा, आणि तेही तिला विचारून. वर्षअखेरच्या मूल्यमापनात रजेचे दिवस कामगिरीच्या गुणांतून वजा करू नका, हजर असलेल्या दिवसांत काय झालं तेच मोजा. पुढे ती प्रसूती रजेवर गेली तर तिच्या मागे पद, शिफ्ट किंवा इतर अटी तिच्या तोट्याच्या दिशेने बदलणं बेकायदा आहे, हे तुमच्या एचआरलाही आत्ताच लेखी सांगून ठेवा.